सोबत मिळणेबाबत

दुसऱ्याच्या उपयोगी पडावं ही इच्छा माणसाच्या मनात मुळातच असते. तिला वेळीच संस्थेचं स्वरूप दिलं नाही, तर ती भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी, कुणालाही न विचारता हातून घडून जाते. असं घडलेलं काम कुठे नोंदलं जात नाही, त्याचा अहवाल निघत नाही, आणि ते कुणाच्या मार्गदर्शनाखाली झालं हे शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या गल्लीत पंचवीस वर्षांपूर्वी असा प्रकार एकदा झाला. तो पुन्हा होऊ नये म्हणून 'आपुलकी प्रतिष्ठान' स्थापन करण्यात आलं.

सदर प्रतिष्ठानाच्या इतिहास उपसमितीचा मी निमंत्रक आहे. (उपसमितीत मी एकटाच आहे. तरी एक ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर झाल्याची नोंद आहे. ती चूक माझी नव्हे, सचिवांची.) वजनमापे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं लोकांच्या तराजूंवर संशय घेण्यात गेली, त्यामुळे जे लिहितो ते मोजून लिहितो. रौप्यमहोत्सवासाठी मी लिहिलेला प्रतिष्ठानाचा इतिहास छापून झाला आहे. पानं एकशे अठ्ठावीस. हे जे लिहितोय ती त्याची पुरवणी. छपाई झाल्यावर थोडा इतिहास शिल्लक राहिला होता, आणि तो नेमका आमच्याच घरात घडला, काय करणार!

आधी स्थापनेबद्दल. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त पोस्टमन राहायचे. एका सकाळी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना ते खाली आले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आमची गल्ली अरुंद. (दोन मीटर दहा सेंटिमीटर. मी स्वतः टेप लावला आहे.) रुग्णवाहिका आत येईना. तेव्हा चौघांनी पोस्टमनना त्यांच्याच लाकडी खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि हमरस्त्यापर्यंत नेली. सगळ्याला सात मिनिटं लागली. सूचक नाही, अनुमोदक नाही, विषयपत्रिका नाही. आज नुसतं लिहिताना अंगावर काटा येतो.

सुदैवाने त्याच संध्याकाळी किराणा दुकानाच्या मागच्या गोदामात, साबणाच्या खोक्यांवर बसून, संस्थापक सभा झाली. चौघांपैकी तिघे हजर होते. किराणावाले अध्यक्ष झाले, शाळेतले ड्रॉइंगमास्तर सचिव झाले आणि वकिलांकडचे कारकून कायदा सल्लागार. चौथ्या व्यक्तीबद्दल इतिवृत्तात एवढंच आहे: 'व इतर एक (गैरहजर)'. मी या गल्लीत पाच वर्षांनी राहायला आलो, त्यामुळे मला माहीत असायचं कारण नव्हतं. तिघा संस्थापकांना विचारलं तर ते म्हणाले, "गर्दी होती हो. आम्ही पेशंटकडे बघणार की उचलणाऱ्यांकडे?"

ती खुर्ची आज प्रतिष्ठानाच्या कार्यालयात चौथऱ्यावर आहे. भोवती दोरी आहे. तिच्यावर कुणी बसायचं नाही. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून जिना उभा आणि अठ्ठावीस पायऱ्यांचा आहे. याबद्दल नतद्रष्ट लोक कुरकुर करतात, पण त्यामागे विचार आहे. जो वर येऊ शकतो त्याला मदतीची गरज नसते, आणि ज्याला गरज असते तो वर येत नाही. त्यामुळे प्राथमिक छाननीचं निम्मं काम जिनाच करतो, तेही विनावेतन.

उद्दिष्टाचं म्हणाल तर पहिल्या सभेत मास्तरांनी साबणाच्या खोक्यावरच खडूने लिहिलं होतं: 'पडलेल्याला उचलणे.' तीन शब्दसुद्धा नाहीत. पुढे जबाबदार माणसं संस्थेत आली तशी यातली घाई लक्षात आली. उचलताना पुन्हा पडला तर? 'पडलेला' म्हटलं आणि तो म्हणाला मी आडवा झालो होतो, तर? ध्येयधोरण समितीच्या एकोणीस बैठका झाल्या. सध्याचं उद्दिष्ट असं आहे: 'उभे नसलेल्या नागरिकांच्या उत्थानास पोषक अशा वातावरणाच्या निर्मितीच्या दिशेने प्रयत्नशील राहण्याची बांधिलकी जपणे.' हे वाचून आजवर एकाही माणसाने आमच्याकडे काही मागितलेलं नाही. यालाच शब्दाची ताकद म्हणतात.

आता पदं. गल्लीत घरं चौसष्ट. माणसाचा स्वभाव असा की शेजाऱ्याला पद मिळालं आणि आपल्याला नाही, तर त्याला रात्री जेवण जात नाही. म्हणून दर वर्षी पाच-सात नवी पदं काढावी लागली. टाळ्या समन्वयक, सतरंजी प्रमुख (घडी विभाग), सतरंजी प्रमुख (अंथरणे विभाग, या दोघांचं पटत नाही, त्यामुळे सतरंजी तीन वर्षं गुंडाळलेलीच आहे), शोकसभा पूर्वतयारी प्रमुख, माजी अध्यक्षांचे सांत्वनप्रमुख. आमची ही, म्हणजे आमच्या घरच्या, पाणीवाटप उपप्रमुख आहेत. तिने हे पद मागितलं नव्हतं. एकदा सभेत कुणाला तरी ठसका लागला, तिने पाण्याचा पेला पुढे केला, आणि तिथल्या तिथे ठराव झाला. आज चौसष्टपैकी त्रेसष्ट घरांत मिळून एकाहत्तर पदाधिकारी आहेत.

आणि नियम नऊ. हा आमच्या स्वच्छ कारभाराचा कणा आहे. पहिल्या वर्षी प्रतिष्ठानाने आधारासाठी एक काठी घेतली होती. ती अध्यक्षांच्या सासूबाईंनी नेली आणि पुढे नऊ वर्षं वरच्या मजल्यावरच्यांचा आवाज आला की त्या काठीने छताला ठोसे मारले. बोंबाबोंब झाली. तेव्हापासून नियम नऊ सांगतो: संस्थापक, पदाधिकारी आणि त्यांच्या घरातलं कुणीही प्रतिष्ठानाची मदत घेण्यास कायमचं अपात्र. वशिलेबाजी एका झटक्यात संपली. त्याबरोबर त्रेसष्ट घरंही संपली. मदतीला पात्र असं सबंध गल्लीत एकच घर उरलं, आणि त्या घरात एकच माणूस. काजमावशी.

काजमावशी आमच्या समोरच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहतात. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे येतात, त्या हाताने काजं करतात आणि बटणं लावतात. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही. एकदा मी सहज त्यांची वीस काजं पट्टीने मोजली. वीसच्या वीस सोळा मिलिमीटर! एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं खरं माप कुठल्या दुकानात पाहिलं नाही. त्यांना पद का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. दिलं होतं. तीनदा दिलं. त्या विचारायच्या, "सभेत काय करायचं असतं?" आम्ही सांगायचो, "बसायचं." त्या म्हणायच्या, "बसायला मला घरी जागा आहे की."

एकमेव पात्र व्यक्ती म्हणून आम्ही त्यांना फार जपतो. वार्षिक अहवालात 'लाभार्थी' या सदराखाली दर वर्षी त्यांचाच फोटो असतो. लाभ अजून व्हायचा आहे, पण फोटो तयार आहे.

तीन वर्षांपूर्वी मावशींना दिसेनासं व्हायला लागलं. आधी सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या, "एवढा दोरा ओवून द्या हो जरा." सगळे ओवून द्यायचे, आनंदाने. मग काजं हलायला लागली. सोळाची अठरा झाली, काही चौदा. एक गठ्ठा कारखान्यातून परत आला, कारण काजं एकीकडे आणि बटणं भलतीकडे. (त्यातला एक शर्ट सचिवांनी स्वस्तात उचलला. तो घातला की त्यांची कॉलर एका कानाला टेकते.) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मावशी एकट्याच चाचपडत सरकारी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आल्या. बसचे दोन थांबे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन फुकट आहे, वीस मिनिटांचं काम आहे, डोळ्यात भिंग बसवलं की पुन्हा लख्ख दिसेल. फक्त सोबत एक माणूस हवं. त्याने कागदावर सही करायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबायचं. सोबत नसेल तर दाखल करून घेत नाहीत.

मावशी तीनदा गेल्या. तीनदा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण?" आणि तीनदा परत आल्या.

डोळे गेले तर काम जाणार, आणि काम गेलं तर त्या एका खोलीत एकट्या बाईने काय करायचं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आम्ही काही दगड नाही. मी स्वतः त्यांच्या दारात बसून त्यांचा अर्ज लिहून दिला.

'विषय: एका दिवसासाठी एका माणसाची सोबत मिळणेबाबत.'

अर्ज ऐकून मावशी म्हणाल्या, "एवढं कशाला लिहिलंत? एक माणूस पाहिजे एवढंच सांगा की."

मी म्हणालो, "मावशी, तसं चालत नाही. संस्था आहे."

हे वाक्य नीट लक्षात ठेवावं, कारण प्रतिष्ठानाचं खरं कार्य या वाक्यात आहे. पूर्वी गल्लीत कुणाला ठेच लागली तर चार दारं उघडायची आणि आठ माणसं बाहेर यायची. काय तो गोंधळ! आता एकही दार उघडत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, संस्था आहे ना. रात्री कुणाचं लहान मूल रडत राहिलं, कुणाचा गॅस संपला, कुणी जिन्यात बसून राहिलं, तरी लोक निर्धास्त असतात. एवढी मनःशांती गल्लीला दुसऱ्या कशानेही मिळाली नसती.

अर्जाचं पहिलं वर्ष सहीत गेलं. 'मजकूर स्वतः वाचून सही केली आहे' असं खाली छापलेलं आहे आणि मावशींना वाचता येत नव्हतं. दिसत नाही म्हणून वाचता येत नाही याचा पुरावा हवा, असं कायदा सल्लागार म्हणाले. पुरावा डोळ्यांच्या दवाखान्यातून आणायचा होता. मावशी चौथ्यांदा चाचपडत गेल्या आणि कागद घेऊन आल्या. त्यावर सल्लागारांनी शेरा मारला: 'अर्जदार एकटी जाऊन येऊ शकते असे दिसते. सोबतीची आवश्यकता तपासावी.'

दुसरं वर्ष व्याख्येत गेलं. सोबत म्हणजे नक्की काय? बाजूने चालणं ही सोबत, की मागून चालणंही धरायचं? बसमध्ये एकच जागा मिळाली तर सोबत बसेल की सोबत उभी राहील? सोबतीने बोलायचं, की नुसतं असायचं? यावर सोबत धोरण उपसमिती नेमली गेली. उपसमितीतल्या दोघांनी सोबत काम करायला नकार दिला म्हणून तिचे दोन अहवाल आले.

मधल्या काळात मी सर्वेक्षण केलं. त्रेसष्ट घरी गेलो. 'मावशींना सोबत मिळाली पाहिजे का?' होय, त्रेसष्ट. 'लवकर मिळाली पाहिजे का?' होय, त्रेसष्ट. (यातले अकरा जण गहिवरले. गहिवराची वेगळी नोंद ठेवली आहे.) 'सोबत कुणी जावं?' या प्रश्नाला बासष्ट घरांनी एकच उत्तर दिलं, "अहो, संस्था आहे ना!" त्रेसष्टावं घर आमचं. तिथे मी स्वतःलाच विचारायचं होतं, तो रकाना जरा राहून गेला.

तिसऱ्या वर्षी मात्र गाडी रुळावर आली. 'एका पदाधिकाऱ्याची सोबत म्हणून नेमणूक करावी' हा ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. नेमणूक कुणाची ते रौप्यमहोत्सवी समारंभात, इतिहासाच्या प्रकाशनानंतर लगेच जाहीर करायचं ठरलं. आता फक्त सहा आठवडे राहिले होते. मी मावशींना जाऊन सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाल्या, "खरंच? मग मी कारखान्यात सांगून ठेवते, महिन्याभराने पूर्वीसारखी काजं देते म्हणून." त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला स्वतःचा अभिमान वाटला.

इथे माझं संशोधन आड आलं.

इतिहासात एक भोक होतं, 'व इतर एक'. वजनमापे खात्यातल्या माणसाला असं भोक बघवत नाही. पोस्टमन तर वारले होते, पण त्यांची मुलगी परगावी असते, तिला मी पत्र लिहिलं. आलेला कागद टाकायचा नाही ही पोस्टमनची सवय, त्यामुळे मुलीने एक गठ्ठाच पाठवला. त्यात त्या दिवशीचा दवाखान्याचा केसपेपर निघाला. खाली रकाना होता: 'रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीची सही'. आणि त्यात बारीक, सरळ, एकाही अक्षराने रेघ न सोडलेली सही. काजमावशींची.

मी तसाच समोर गेलो. "मावशी, खुर्ची उचलणाऱ्यांत तुम्ही होतात?"

"होते की. मागनं मीच धरली होती."

"आणि बाकीचे तिघे?"

"एकाने पुढनं धरली होती. दोघं 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होते."

"मग त्या संध्याकाळी सभेला का आला नाहीत?"

"अहो, मी तिकडे दवाखान्यात होते. सोबत नको का कुणी त्यांच्या?" मावशी म्हणाल्या. "दोन दिवस होते. पाणी मागायचे सारखे."

"हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. चौथी संस्थापक सापडली होती, आणि ती आमच्या समोरच्या दारात बसून बटणं लावत होती! मी छापखान्यात धावलो, पान सात बदलून घेतलं. समारंभात या बाईंचा सन्मान झालाच पाहिजे असं मी अध्यक्षांना ठणकावून सांगितलं. अध्यक्षही लगेच कबूल झाले. सन्मानाच्या बाबतीत प्रतिष्ठानाने कधी हात आखडता घेतलेला नाही.

समारंभ दणक्यात झाला. मावशींना मंचावर बोलावलं. त्या पायऱ्या पायाने चाचपत वर आल्या. (हात देणं हे स्वागत प्रमुखांचं काम होतं, पण ते त्या वेळी स्वतःचं स्वागत स्वीकारत होते.) मी पान सात वाचून दाखवलं. 'संस्थापक' हा शब्द आला तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या समन्वयकांनी आवरतं घ्या म्हणून दोनदा खुणा केल्या तरी लोक थांबेनात. मावशींना सुंदर अक्षरातलं, चौकटीतलं मानपत्र देण्यात आलं. त्यांनी ते उलटं धरलं होतं. सरळ करून द्यायला मीच पुढे झालो.

मग कायदा सल्लागार उठले. एरवी ते सभेत झोपतात, पण त्या दिवशी टाळ्यांमुळे जागे होते. ते म्हणाले, "अध्यक्षमहाराज, या आनंदाच्या प्रसंगी एक तांत्रिक मुद्दा. सदर बाई संस्थापक असल्याचं आत्ताच सिद्ध झालेलं आहे. नियम नऊप्रमाणे संस्थापक मदतीला अपात्र असतात. तेव्हा त्यांचा सोबतीचा अर्ज आपोआप निकाली निघतो."

तीन वर्षं रखडलेलं प्रकरण असं एका वाक्यात मार्गी लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मग पुन्हा टाळ्या झाल्या.

मावशींनी मानपत्र छातीशी धरून विचारलं, "म्हणजे माझ्यासोबत कोण येणार?"

अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, आता तुम्ही आमच्यातल्याच. आता तुम्हाला मदत कशाला लागते?"

मी घरी आलो. आमची ही सभागृहात पाणी वाटत होती, त्यामुळे तिने सगळं पाहिलं होतं. तिने ताट वाढलं नाही. समोर उभी राहिली. असं ती आमच्या लग्नानंतर दोनदाच उभी राहिली आहे.

"झालं काय नेमकं, मला सांगा."

मी नियम नऊ समजावून सांगितला.

"तीन वर्षं मी समोरच्या दारात बघतेय," ती म्हणाली. "ती बाई सुई धरून बसते, आणि मी रोज म्हणते, आपण जाऊ या का घेऊन हिला. आणि रोज गप्प बसते. का? तर तुमचं चाललंय ना काहीतरी! म्हटलं, संस्था आहे, एकाहत्तर माणसं आहेत, मी मध्ये कशाला लुडबुड करू. मीच मेली वेडी."

"अगं, पण स्वतंत्रपणे जाणं म्हणजे समांतर सेवा होते. नियम चौदा—"

"तुमचा नियम चौदा घाला चुलीत."

सकाळी तिने पिशवीत एक चादर, एक तांब्या आणि स्वतःची चष्म्याची डबी टाकली. समोरच्या दारात जाऊन म्हणाली, "चला मावशी." मावशींनी विचारलं, "अर्ज?" ती म्हणाली, "चपला घाला." दोघी निघाल्या. मी खिडकीतून पाहिलं. ही बाजूने चालत होती, मागून नव्हे. म्हणजे दुसऱ्या अहवालातली व्याख्या बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, वीस मिनिटांत. डाव्याचं केलंच नाही. मोतीबिंदू फार पिकून आतला दाब वाढला होता, त्या डोळ्याची नसच गेली होती. डॉक्टर हिच्यावर ओरडले, "तीन वर्षं काय करत होतात तुम्ही?" हिने ते ऐकून घेतलं. घरी येऊन मला सांगितलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

प्रतिष्ठानाने या घटनेची योग्य ती दखल घेतली. हिला समांतर सेवेबद्दल नोटीस गेली आणि पाणीवाटपावरून दूर करण्यात आलं. (आता सभेत ठसका लागला तर लोक तो धरून ठेवतात.) वार्षिक अहवालात 'दृष्टिदान: उद्दिष्टपूर्ती पन्नास टक्के' अशी नोंद झाली. गल्लीतल्या कुठल्याही योजनेने एवढी टक्केवारी आजवर गाठलेली नाही.

मावशींची काजं पुन्हा सोळावर आली. मी मोजली. महिन्याभराने त्यांनी मला हाक मारली. मी लिहिलेला इतिहास त्यांनी एका डोळ्याने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढला होता. मी वाट बघत उभा राहिलो.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "किती दिवस लागले?"

"चौदा महिने."

"आणि तुम्ही इथे समोरच राहता."

"हो."

"बरं," म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात गेला. मला फार लाज वाटली. इतिहासात लाजेसाठी वेगळा रकाना नाही, म्हणून ती इथे पुरवणीत घेतली आहे.

आता मुख्य मुद्दा. मावशींचं काम झाल्याने, आणि शिवाय त्या संस्थापक निघाल्याने, प्रतिष्ठानाकडे आजमितीस एकही पात्र गरजू माणूस नाही. गरजूशिवाय संस्था चालवणं फार दिवस शक्य नाही. पुढच्या अहवालात फोटो कुणाचा छापायचा? म्हणून कार्यक्षेत्र वाढवण्याचा ठराव झाला असून त्यात यापुढे तुमचीही गल्ली धरलेली आहे.

तेव्हा शेवटच्या पानावरचा फॉर्म कृपया भरून पाठवावा. फार शोधावं लागणार नाही. वर मावशींबद्दल वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी येऊन गेलं. समोरच्या दारातलं, खालच्या मजल्यावरचं, किंवा ज्यांना परवा फोन करायचा होता आणि राहून गेला ते. त्यांचंच नाव लिहा. ते किती वर्षं थांबलेले आहेत तेही लिहा. जितकी जास्त, तितकं बरं.

एकच विनंती. नाव पाठवल्यावर मध्येच उठून स्वतः त्यांच्याकडे जाऊ नये. माणूस अपात्र ठरतो. आजवर तुम्ही जो संयम दाखवलात, तोच यापुढेही दाखवावा. संस्था आहे ना.